47, 18 आणि 1

रवांडाच्या सरकारने 2006 साली आपल्या आरोग्यखर्चाचा एक हिशेब मांडला. त्यातले तीन आकडे माझ्या डोक्यातून कधी गेलेच नाहीत. परदेशातून येणाऱ्या मदतीपैकी एड्सच्या नावाने राखून ठेवलेले 47 दशलक्ष डॉलर, मलेरियाच्या नावाने 18 दशलक्ष, आणि लहान मुलांच्या आजारांवरच्या एकत्रित उपचारांसाठी 1 दशलक्ष. तेव्हा देशातल्या प्रौढांपैकी साधारण 3 टक्के लोकांना एचआयव्हीची लागण होती. सगळ्यांत जास्त माणसं आजारी पडत आणि दगावत ती मलेरियाने. आणि 2005 च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे जन्मलेल्या दर 1000 मुलांपैकी 152 मुलं पाच वर्षांची होण्याआधीच जात होती.

या आकड्यांचा राग येतो, पण तो काढायचा कोणावर हे कळत नाही, कारण यात लबाडी कुठेच नाही. 2002 मध्ये एड्स, क्षय आणि मलेरियाशी लढण्यासाठी ग्लोबल फंड उभा राहिला, 2003 मध्ये अमेरिकेने एड्ससाठी आजवर कोणी दिला नव्हता एवढा पैसा जाहीर केला, आणि त्या पैशातून आलेल्या औषधांनी लाखो माणसं मरणाच्या दारातून परत आणली. त्यातला एक डॉलरही कमी व्हायला हवा होता असं मी म्हणणार नाही. प्रत्येक देणगीदाराने आपापल्या संसदेला दिलेला शब्द पाळला. फक्त या सगळ्या शब्दांची बेरीज राजधानी किगालीत, एका कागदावर, कोणी करत नव्हतं. त्याच हिशेबात पुढे आणखी एक आकडा आहे आणि मला तो त्या तिघांपेक्षा बोलका वाटतो. आरोग्यासाठी आलेल्या मदतीपैकी जेमतेम 14 टक्के पैसा आरोग्य मंत्रालयाच्या हातात पडत होता. जवळजवळ तीन चतुर्थांश पैसा बजेटाच्या बाहेरून, देणगीदारांच्या स्वतःच्या प्रकल्पांमधून नाहीतर स्वयंसेवी संस्थांमार्फत खर्च होत होता. देशाच्या आरोग्याचा जाब मंत्र्याला द्यायचा, आणि तिजोरीची किल्ली मात्र भलत्यांकडे.

मी काही काळ पूर्व आफ्रिकेत मदतीच्या प्रकल्पांच्या मूल्यमापनाचं काम केलं. त्या काळात डोंगरउतारावरच्या एका लहानशा आरोग्यकेंद्रात गेले होते. तांबड्या मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना केळीची बाग, आणि ओसरीवर पोरांना पाठीशी बांधून आलेल्या बायकांची रांग. आतल्या खोलीत नर्स लिहीत बसली होती. तीच गरोदर बाई तिने आधी सरकारी रजिस्टरात लिहिली, मग एका प्रकल्पाच्या वहीत, मग दुसऱ्या प्रकल्पाच्या फॉर्मवर. वयाचे गट प्रत्येकाचे वेगळे, महिना संपण्याची तारीख वेगळी, रिपोर्ट पाठवायची जागा वेगळी. मी तिला विचारलं, यातलं तुम्हाला कामाला काय येतं? तिने सरकारी रजिस्टरावर हात ठेवला आणि पुन्हा लिहायला लागली. बाहेर रांग तशीच होती. समन्वय या विषयावर मी त्यानंतर पुष्कळ वाचलं, बैठकाही पाहिल्या, पण हा प्रश्न मुळात वेळेचा आहे आणि तो वेळ त्या रांगेतून कापला जातो हे मला तिथे उमगलं.

लहान देशात ही गोष्ट जास्त जाचते, आणि त्याचं कारण साधं आहे. देश लहान असला म्हणून देणगीदारांची संख्या त्या मानाने लहान होत नाही. दोन डझन देश आणि संस्था मोठ्या देशात जातात तशाच लहान देशातही येतात. पण लहान देशाच्या अर्थमंत्रालयात त्यांच्याशी बोलू शकणारे, करार वाचू शकणारे, तीन भाषांत पत्रव्यवहार करू शकणारे अधिकारी मूठभर. प्रत्येक देणगीदाराचं आर्थिक वर्ष वेगळं, खरेदीचे नियम वेगळे, ऑडिटची पद्धत वेगळी, आणि प्रत्येकाचं पाहणी पथक येणार. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या पाहणीत 2007 या एका वर्षात 54 देशांत मिळून 14,000 हून जास्त पथकं गेल्याची नोंद आहे. एकट्या व्हिएतनाममध्ये 752. व्हिएतनाम मोठा देश आहे, त्याने निभावून नेलं. जिथे सचिव, त्याचा एक उपसचिव आणि दोन-तीन अर्थतज्ज्ञ मिळून सगळं खातं चालतं, तिथे पथकाचं स्वागत करणं हेच खात्याचं मुख्य काम होऊन बसतं.

टांझानियाने यावर एक उपाय काढला होता आणि मला तो फार आवडतो. बजेट तयार होण्याचे आणि संसदेत जाण्याचे जे महिने असतात, साधारण एप्रिल ते ऑगस्ट, त्या काळात पथकं पाठवू नका असं त्यांनी देणगीदारांना सांगून टाकलं. आमच्याच घरचा हिशेब मांडायला आम्हाला उसंत द्या, एवढंच मागणं. सरकारला असं मागणं मागावं लागतं यावरून परिस्थिती कुठवर गेली होती ते समजावं. त्याआधी 1994 च्या सुमाराला टांझानिया आणि तिचे देणगीदार यांचे संबंध इतके बिघडले होते की डेन्मार्कच्या पुढाकाराने कॅनडाचे अर्थतज्ज्ञ जेराल्ड हेलायनर यांच्या गटाला मध्ये बोलवावं लागलं. 1995 च्या त्यांच्या अहवालाने दोन्ही बाजूंचे कान उपटले: सरकारची करवसुली आणि भ्रष्टाचार, आणि देणगीदारांची लुडबूड. देणगीदारांच्या वागण्याचीही तपासणी होऊ शकते, आणि ती यजमान देशाच्या संमतीने बाहेरचा माणूस करू शकतो, ही कल्पना तिथे रुजली.

रवांडाकडे परत येते. समन्वय नसला की काय होतं हे या देशाने फार भयंकर रीतीने पाहिलं आहे. 1994 च्या एप्रिल ते जुलै या काळात तिथे सुमारे 8 लाख माणसं, बहुतेक सगळे तुत्सी जमातीचे, मारली गेली. जुलैच्या मध्याला, मारणारं सरकार हरल्यावर, पाच दिवसांत साधारण साडेआठ लाख लोक सरहद्द ओलांडून झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या, गोमा शहराभोवती गेले. त्यांत जीव वाचवायला निघालेली साधी कुटुंबं होती आणि कत्तली घडवणारे सैनिक आणि त्यांच्या टोळ्याही होत्या. कॉलरा आणि हगवणीने काही आठवड्यांत जवळपास 50,000 माणसं गेली. टीव्हीवर ते जगभर दिसलं आणि मदतीचा लोंढा सुरू झाला. एप्रिल ते डिसेंबर या काळात सुमारे 1.4 अब्ज डॉलर, आणि दोनशेच्या आसपास स्वयंसेवी संस्था. छावण्यांमध्ये धान्य कोणाच्या हाताने वाटलं जात होतं? बऱ्याच ठिकाणी त्याच जुन्या पुढाऱ्यांच्या. आणि त्याच वेळी किगालीत नवं सरकार लुटलेल्या कचेऱ्यांमध्ये बसलं होतं. तिजोरी रिकामी, कारकुनांना पगार नाही, आणि आधीच्या राजवटीची थकबाकी चुकती झाल्याशिवाय जागतिक बँकेचे पैसे मोकळे होत नव्हते. ज्यांची घरं जळली, माणसं गेली, ती माणसं देशाच्या आत होती, आणि पैसा सरहद्दीच्या बाहेर.

पुढे अनेक देणगीदारांनी एकत्र येऊन स्वतःच्याच या कामाचं परखड मूल्यमापन करून घेतलं. 1996 मध्ये ते प्रसिद्ध झालं. राजकीय कृती करायची नव्हती म्हणून तिच्या जागी मदत पाठवली गेली, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. असा अहवाल काढायलाही धाडस लागतं, आणि ते दाखवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

रवांडाच्या सरकारने मात्र अहवालाची वाट पाहिली नाही. डिसेंबर 1995 मध्ये त्यांनी 38 परदेशी स्वयंसेवी संस्थांना देश सोडायला सांगितलं. तो निर्णय कठोर होता. त्या संस्थांमागे त्यांचे रुग्णही असणार. तरीही त्यानंतर जे घडलं त्याचं मूळ मला तिथे दिसतं: मदत घेणाऱ्याने ‘नको’ म्हणायला शिकणं.

मार्च 2005 मध्ये पॅरिसला, मदत कशी द्यावी आणि घ्यावी याचा जाहीरनामा झाला. मालकी देशाची, देणगीदारांनी देशाच्या योजनेशी जुळवून घ्यायचं, आपापसांत एकसूत्रीपणा ठेवायचा, परिणाम पाहायचे, आणि दोघांनी एकमेकांना उत्तरदायी राहायचं, अशी पाच तत्त्वं. 2010 पर्यंत गाठायची उद्दिष्टंही आकड्यांत ठरवली. 2011 मध्ये मोजमाप झालं तेव्हा जगभर मिळून 13 पैकी एकच उद्दिष्ट गाठलेलं निघालं. 2008 मध्ये आक्राला, 2011 मध्ये बुसानला परत परिषदा झाल्या. त्यांची कागदपत्रं मी वाचली आहेत आणि त्यांत काही चुकीचं लिहिलेलं नाही. पण ज्याला पैसा देऊन आपला झेंडा दिसायला हवा आहे, तो स्वतःहून झेंडा गुंडाळणार नाही, मग कितीही सह्या होवोत. एकसूत्रीपणा देणाऱ्यांच्या सद्बुद्धीवर सोडून चालत नाही.

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगायचा मोह होतो. 1948 मध्ये महायुद्धानंतरचा युरोप पुन्हा उभा करायला मार्शल योजनेचा पैसा आला तेव्हा तो कसा वाटायचा हे अमेरिकेने घेणाऱ्या देशांनाच एकत्र बसून ठरवायला लावलं. त्यासाठी युरोपातल्या त्या देशांनी एक संघटना काढली. 1961 मध्ये तिचंच रूपांतर ओईसीडीमध्ये झालं आणि आज देणगीदार देशांची समिती तिच्याच छताखाली बसते. मदत घेणाऱ्यांनी स्वतः समन्वय करून पाहिला, तो जमला, आणि देणारे झाल्यावर तीच संधी पुढच्यांना द्यायचं राहून गेलं.

बोट्स्वानाने ती संधी मागितलीच नाही, घेतली. 1966 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सरकारच्या खर्चाचा साधारण निम्मा भाग ब्रिटनच्या अनुदानातून भागत होता. इतका गरीब देश, पण अर्थ आणि विकासनियोजन ही दोन्ही खाती त्यांनी एकाच मंत्रालयात ठेवली. क्वेट मासिरे कितीतरी वर्षं त्या मंत्रालयाचे मंत्री होते. राष्ट्रीय योजनेत जे नाही ते फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही, असा तिथला दंडक. कारण बांधलेल्या दवाखान्याला पुढे दरवर्षी नर्स लागते, डिझेल लागतं, आणि ते बांधणारा देत नाही. पुढे हिऱ्यांचा पैसा येऊ लागला हे खरं, पण दंडक त्या पैशाच्या आधीचा आहे.

रवांडाने जुलै 2006 मध्ये आपलं मदतविषयक धोरण मंत्रिमंडळात मंजूर केलं. कशी मदत आम्हाला आवडेल याचा क्रमच त्यांनी लावला: सगळ्यांत आधी सरकारच्या बजेटात थेट पैसा, मग एखाद्या क्षेत्राच्या बजेटात, आणि सुटे प्रकल्प सगळ्यांत शेवटी. अर्थमंत्रालयाचे सचिव आणि संयुक्त राष्ट्रांचे निवासी समन्वयक मिळून देणगीदारांची बैठक चालवू लागले. प्रत्येक क्षेत्राचा एक गट, त्याचा अध्यक्ष त्या खात्याचा माणूस, सहअध्यक्ष देणगीदारांपैकी एक. इथपर्यंत पुष्कळ देशांनी केलं आहे. पुढचं पाऊल मात्र फार थोड्यांनी टाकलं. 2010 मध्ये रवांडाने कामाची वाटणी केली. द्विपक्षीय देणगीदारांनी, म्हणजे थेट मदत देणाऱ्या एकेका देशाने, साधारण तीनच क्षेत्रांत काम करायचं, आणि ती क्षेत्रं कोणती हे ठरवताना अर्थमंत्रालय बोलणार.

हे किती अवघड आहे याची कल्पना बाहेरून येत नाही. आरोग्य आणि शिक्षण सगळ्यांना हवं असतं, कारण बाळाचा फोटो काढता येतो. रस्त्यांची देखभाल, जमिनीच्या नोंदी, आकडेवारीचं कार्यालय यांचा फोटो निघत नाही. एखाद्या दूतावासात दहा वर्षं आरोग्याचं काम पाहिलेली तज्ज्ञ मंडळी असतात, त्यांच्या ओळखी, त्यांचा अनुभव, त्यांची नोकरी, सगळं त्यावर उभं असतं. त्यांना सांगायचं की इथे गर्दी झाली आहे, तुम्ही दुसरीकडे जा. त्यातल्या काहींचं काम खरंच चांगलं असतं, आणि जाताना काहीतरी मोडतंच. मला हे मान्य आहे, आणि तरीही ही वाटणी योग्य होती असं माझं मत आहे. 25 जणांच्या अर्ध्यामुर्ध्या लक्षापेक्षा पाच जणांचं पूर्ण लक्ष एखाद्या खात्याला जास्त उपयोगी पडतं.

याच्या जोडीला त्यांनी देणगीदारांचं प्रगतिपुस्तकही काढलं. कोणी किती पैसा बजेटात दाखवला, कोणी सांगितलेल्या वर्षात दिला, कोण अजून स्वतंत्र प्रकल्प कार्यालयं चालवतंय, कोणी पथकं एकत्र पाठवली, हे दरवर्षी देणगीदारांच्या नावानिशी तक्त्यात. रवांडात महापौरांनाही वर्षाच्या सुरुवातीला आपल्या कामाचं लेखी वचन द्यावं लागतं आणि शेवटी त्यावर गुण मिळतात. तोच हिशेब परक्यांना लावला.

आरोग्यात याची फळं दिसली. ग्लोबल फंडाच्या पैशातून त्यांनी सगळ्यांत गरीब कुटुंबांचे सामुदायिक आरोग्यविम्याचे हप्ते भरून घेतले. 2012 मध्ये डॉक्टर आणि नर्स तयार करण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेच्या विद्यापीठांतले प्राध्यापक येणार होते आणि पैसाही बराचसा अमेरिकेचाच, पण तो आधी रवांडाच्या सरकारकडे येई आणि सरकार विद्यापीठांशी करार करी. विद्यापीठांनी वरखर्चापोटी, म्हणजे स्वतःच्या प्रशासनाच्या खर्चापोटी, 7 टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, अशी अट. एरवी हा वरखर्च याच्या कितीतरी पट असतो. डॉ. आग्नेस बिनाग्वाहो तेव्हा आरोग्यमंत्री होत्या. आणि 2005 मध्ये 152 असलेला बालमृत्यूचा तो आकडा 2010 मध्ये 76 वर आला, 2014-15 मध्ये 50 वर. याचं श्रेय एका समन्वयाला देणं बरोबर नाही. मच्छरदाण्या, लसी, गावोगावच्या आरोग्यसेविका, विमा, असं पुष्कळ एकत्र आलं. पण ते एकत्र येऊ शकलं, कारण एकत्र आणणारं कोणीतरी होतं.

आता ज्या भागाने मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं तो. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने पूर्व काँगोतल्या एम 23 या बंडखोर संघटनेला रवांडाचा पाठिंबा असल्याचं सांगितलं. अमेरिका, नेदरलँड्स, जर्मनी, स्वीडन, ब्रिटन अशा एकेका देशाने पैसा रोखला. ब्रिटनने नोव्हेंबरमध्ये 2 कोटी 10 लाख पाउंडांचा बजेटाचा हप्ता थांबवला. पुढच्या वर्षी त्यातला मोठा भाग दिला, पण ठरावीक कार्यक्रमांसाठी, बजेटातून नव्हे. त्या एका वळणावर इतक्या वर्षांची मेहनत उलटी फिरली. शंभर लहान झरे असतात तेव्हा एखादा आटला तर निभतं. सगळं पाणी एका नळाने आणलं की तो चांगला वाहतो, पण बंद करायलाही एक हात पुरतो. रवांडाचा विकासदर 2013 मध्ये 4.7 टक्क्यांपर्यंत उतरला. मोझांबिकमध्येही हेच झालं. तिथे एके काळी 19 देणगीदार एकत्र येऊन थेट बजेटात पैसा देत होते. 2016 मध्ये सरकारने लपवलेली कर्जं उघडी पडली, आणि सगळ्यांनी मिळून हात काढून घेतला.

देणगीदार चुकले असं मला म्हणता येत नाही. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये एम 23 ने गोमा घेतलं तेव्हा तिथल्या लोकांवर जे गुदरलं ते पाहून कोणत्या संसदेने पैसा चालू ठेवावा? जे सरकार देणगीदारांना इतक्या ठामपणे रांगेत उभं करतं, ते आपल्या विरोधकांनाही तितक्याच ठामपणे गप्प करतं, हेही रवांडाबद्दल सांगायलाच हवं. मला या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि त्या वेगळ्या काढून फक्त व्यवस्थापनाची स्तुती करणारे अहवाल मला अपुरे वाटतात. पण एक प्रश्न राहतोच. शिक्षा करायची वेळ आली की सगळ्यांत आधी बंद होतो तो बजेटातला पैसा, जो सगळ्यांत उघडा, सगळ्यांत मोजता येणारा आणि त्या देशाच्या संसदेसमोर आलेला असतो. स्वतंत्र प्रकल्पांचा पैसा बहुधा वाहतच राहतो. मग दुसऱ्या एखाद्या लहान देशाच्या अर्थमंत्र्याने यातून काय शिकायचं?

ऑगस्ट 2012 मध्ये रवांडाने लोकांच्या वर्गणीतून आगाचिरो नावाचा स्वतःचा निधी उभारायला सुरुवात केली. मदतीची जागा घेईल इतका तो मोठा नव्हता. जानेवारी 2025 मध्ये गोमा पुन्हा एम 23 च्या हाती गेलं. ब्रिटन आणि जर्मनीने पुन्हा मदतीचा काही भाग थांबवला. बेल्जियमबरोबरचं विकाससहकार्य मात्र या वेळी रवांडाने फेब्रुवारीत स्वतःच संपवलं, आणि पुढच्या महिन्यात राजनैतिक संबंधही.

त्याच जानेवारीत अमेरिकेने जगभरची आपली मदत गोठवली आणि 1 जुलै 2025 ला ती मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच बंद झाली. ज्या देशांत अमेरिकेचा पैसा बजेटाबाहेरून येत होता, तिथल्या मंत्रालयांना पहिलं काम करावं लागलं ते यादी करण्याचं. कोणत्या दवाखान्यातल्या किती नर्सचा पगार कोणता प्रकल्प देत होता, औषधांचा साठा कोणाच्या गोदामात आहे, रुग्णांच्या नोंदी ज्या संगणकप्रणालीत आहेत तिचा पासवर्ड कोणाकडे आहे. वर्षानुवर्षं ही माणसं त्याच देशाच्या सरकारी इमारतीत बसून त्याच देशाच्या लोकांना औषध देत होती, आणि त्यांची नावं त्या देशाच्या पगारपत्रकावर नव्हती. त्या याद्या आज जे अधिकारी करत आहेत त्यांच्याकडून त्या पुऱ्या होऊ द्याव्यात, आणि पुढचा करार घेऊन येणाऱ्याने आधी ती यादी मागून वाचावी, असं मला मनापासून वाटतं. यादी मिळाली नाही तर ती होईपर्यंत थांबावं. तोवर पाहणी पथक पाठवू नये.